कॉफी कोण करतं?

गेल्या वर्षी समाजाच्या वधू-वर मेळाव्याचा फॉर्म घरी आला. नाव, जन्मवेळ, उंची, शिक्षण, मामांचं गाव, असे सगळे रकाने आमच्या ह्यांनी सुवाच्य अक्षरात भरले आणि 'व्यवसाय' ह्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. लेक बी.कॉम. झालेली. बेंगळुरूत एका कंपनीच्या हिशेबखात्यात तिनं दोन वर्षं नोकरी केली, ती सोडली, आणि आता तिथल्याच एका कॉफीच्या दुकानात ती बरिस्ता आहे. बरिस्ता म्हणजे एस्प्रेसोच्या यंत्रावर कॉफी करून देणारी व्यक्ती. शब्द इटालियन आहे. ह्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि लिहिलं, 'फूड इंडस्ट्री, एक्झिक्युटिव्ह'.

मी काही बोलले नाही. ते धड खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं. सासूबाई मात्र मनात ठेवत नाहीत. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "लोकांचे कप विसळायला शिकवलंस होय रे पोरीला?"

ते वाक्य मला लागलं. लेकीसाठी लागलं, तसं माझ्यासाठीही. तीस वर्षं ह्या घरात मी दुसरं काय करते आहे? कप भरते, देते, विसळते. ते काम घरात केलं की 'गृहिणी' आणि दुकानात पगारावर केलं की लपवायची गोष्ट, हे गणित काही जुळेना. म्हणून म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघून येऊ. गेल्या थंडीत आठ दिवस बेंगळुरूला राहून आले. आल्यावर मिळेल ते वाचलं. ह्या 'स्पेशालिटी कॉफी'चं काय कौतुक करावं आणि कुठे तिचा कान धरावा, ते मला जसं दिसलं तसं लिहिते आहे.

आम्ही बेळगावची माणसं. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी आमच्या कर्नाटकात पिकते, पण आमच्या घरात दिवस उजाडतो तो चहानं. कॉफी व्हायची ती मोठा पाहुणा आला तर, नाहीतर कुणाला सर्दी-पडसं झालं तर. दूध-साखर उकळायचं, त्यात पूड टाकायची, वर जायफळ किसायचं. कॉफीला वास जायफळाचाच असतो असं मी लग्न होईपर्यंत समजत होते! त्यामुळे लेकीनं पहिल्या दिवशी बाहुलीच्या भातुकलीत शोभेल एवढ्या कपात दोन घोट काळंभोर पाणी पुढे ठेवलं, तेव्हा मी साखरेकडे हात नेला. ती म्हणाली, "आई, आधी एक घोट तशीच घे. मग काय घालायचं ते घाल." घेतला. आधी आंबट, मग कडू. काढा बरा, असं तोंड झालं माझं. किंमत विचारली आणि उरलेला घोट मुकाट्यानं घेतला, वाया कशाला घालवा!

दुकान आठला उघडतं, पण लेक सातलाच जाते. एक दिवस मीही तिच्याबरोबर गेले. तो एक तास मला पुढच्या सगळ्या दिवसापेक्षा जास्त शिकवून गेला. ती यंत्र तापवते, मग बी दळते, १८ ग्रॅम पूड काट्यावर तोलून एका दांडीच्या गाळणीत भरते, वरून सपाट दाबते आणि गाळणी यंत्राला अडकवते. त्या पुडीतून नव्वदच्या वर तापमानाचं पाणी हवेच्या दाबाच्या नऊपट जोरानं जातं. पंचवीस-तीस सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी खाली यावी असा तिथला हिशेब. पहिला कप अठरा सेकंदांतच भरला. तिनं चाखला आणि ओतून दिला. दळण थोडं बारीक केलं. दुसरा कप चाळीस सेकंदांवर गेला. तोही ओतला. माझा जीव कळवळला.

"अगं, रोजचंच जातं आहे ना? काल जमलं ते आज का नाही?"

तर म्हणाली, हवेत दमटपणा किती, बी भाजून किती दिवस झाले, ह्यावर दळण रोज बदलतं. भरड राहिलं तर पाणी भसकन निघून जातं आणि कॉफी आंबट, पचपचीत होते. फार बारीक झालं तर पाणी अडतं आणि कॉफी कडू येते. हे ऐकलं आणि माझं मलाच हसू आलं. चकलीचा सोऱ्या हातात धरलेल्या बाईला हे वेगळं काय सांगायचं? पीठ सैल झालं की चकली पसरते, घट्ट झालं की दट्ट्या हलत नाही. पावसाळ्यात भाकरीच्या पिठाला पाणी कमी लागतं हे आपल्याला काट्यानं सांगितलेलं नाही, हाताला कळतं. आणि एस्प्रेसोचं यंत्र म्हणजे तरी काय, एका अर्थी सोऱ्याच. फक्त त्यातून पिठाऐवजी पाणी दाबायचं.

त्या सोऱ्याचा इतिहासही मोठा आहे. इटलीतल्या तोरिनो शहरात अँजेलो मोरिओंदो ह्यानं १८८४ मध्ये वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझ्झेरानं एकेका गिऱ्हाइकासाठी ताजा कप काढणारं यंत्र केलं, आणि देझिदेरिओ पाव्होनीनं ते बाजारात आणलं. पण वाफेचा दाब कमी आणि चटका जास्त, त्यामुळे कॉफीला करपट चव यायची. अकिले गाज्जानं १९४० च्या दशकाच्या शेवटी दांडी ओढून दाब देण्याचं यंत्र आणलं, तेव्हा कपावर पहिल्यांदा ती सोनेरी-तपकिरी साय आली. तिला 'क्रेमा' म्हणतात. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीनं दांडीच्या जागी विजेचा पंप बसवला. त्या वर्षी युरोपात सूर्यग्रहण झालं होतं, म्हणून त्या यंत्राचं नाव 'ई ६१' ठेवलं. इटालियन भाषेत ग्रहणाला 'एक्लिस्से' म्हणतात, त्यातला हा 'ई'. आमच्या गल्लीत ग्रहण लागलं की शेजारणी चूल बंद ठेवतात. तिकडे ग्रहणाच्या नावानं कॉफीचं यंत्र निघालं!

यंत्राच्या ह्या गोष्टीत सगळी नावं पुरुषांची आहेत. पण कॉफीच्या चवीची गोष्ट वाचायला घेतली आणि तिथे एक घरातली बाई भेटली. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची गृहिणी होती. कॉफीत गाळ राहतो आणि ती कडू लागते, ह्यानं ती वैतागली होती. तिनं एका पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून त्यात घातला आणि त्यातून कॉफी गाळली. साल १९०८. त्याच वर्षी तिनं त्याची सरकारदरबारी नोंद केली आणि नवऱ्याला बरोबर घेऊन घरातूनच कंपनी काढली. तिच्या नावाचे कागदी फिल्टर आजही जगभर विकले जातात. माझ्या लेकीच्या दुकानात यंत्राच्या शेजारी काचेच्या चंबूवर कागद लावून जी कॉफी गाळतात आणि एस्प्रेसोपेक्षा महाग विकतात, तिचं मूळ त्या टीपकागदात आहे.

दुसरी बाई एर्ना नुट्सन. जन्म नॉर्वेतला, लहानपणीच कुटुंबाबरोबर अमेरिकेत आली. सॅन फ्रान्सिस्कोत कॉफी आयात करणाऱ्या एका कंपनीत ती सेक्रेटरी होती, म्हणजे टायपिंग, टेलिफोन आणि साहेबांच्या तारखा. आलेल्या मालाची चव घेऊन दर ठरवण्याची खोली वेगळी होती आणि तिथे फक्त पुरुष बसायचे. तिला चव घ्यायला शिकायचं होतं. तिथल्या पुरुषांना बाई त्या खोलीत नको होती. तरी ती शिकली, चिकाटीनं जीभ तयार केली, आणि मोठ्या कंपन्यांना नको असलेले चांगल्या मालाचे लहान लहान लॉट छोट्या भाजणाऱ्यांना विकू लागली. १९७४ मध्ये एका व्यापारी मासिकाला दिलेल्या मुलाखतीत तिनं अशा मालाला 'स्पेशालिटी कॉफी' म्हटलं. एखाद्या जागेची माती आणि हवा वेगळी असते, म्हणून तिथल्या बियांची चवही वेगळी असते, आणि ती जपली पाहिजे, एवढं साधं तिचं म्हणणं. आज ज्या दोन शब्दांवर जगभर दुकानं उभी आहेत, ते शब्द एका सेक्रेटरीचे आहेत. पुढे तिनं स्वतःची कंपनी काढली.

तिसरी बाई आपल्याकडची. सुनालिनी मेनन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉफी बोर्डात चव घेणारी म्हणून लागल्या. भारतातल्या ह्या व्यवसायातल्या पहिल्या बाई त्याच. पुढे बोर्डाच्या गुणवत्ता विभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि नंतर बेंगळुरूत त्यांनी स्वतःची 'कॉफीलॅब' काढली. आपल्याच राज्यातली ही गोष्ट, आणि कॉफीचं राज्य म्हणून मिरवणाऱ्या मला ती आत्ता कळली.

आणि बरिस्तांची जागतिक स्पर्धा? ती २००० मध्ये सुरू झाली. पहिली बाई ती जिंकायला २०१८ साल उजाडलं. पोलंडची अग्निएश्का रोयेव्स्का ॲम्स्टरडॅममध्ये जिंकली. त्याच जून महिन्यात एर्नाबाई वारल्या, शहाण्णव वर्षांच्या होऊन.

ह्या स्पर्धेचे नियम लेकीनं मला समजावून सांगितले. पंधरा मिनिटांत चार एस्प्रेसो, चार दुधाची पेयं आणि चार स्वतःच्या कल्पनेची, अशी बारा पेयं परीक्षकांसमोर ठेवायची. काही परीक्षक चव बघतात. काही नुसतं काम बघतात. दूध तापवल्याबरोबर वाफेची नळी पुसली का, प्रत्येक कामाचं फडकं वेगळं आहे का, पूड किती सांडली, ओटा शेवटी कसा सोडला. म्हणजे मैत्रिणींनो, ओटा पुसण्याला जगात कुठेतरी गुण आहेत! मी लेकीला म्हटलं, तुझ्या आजीला परीक्षक नेमा. एकही पोरगं पास व्हायचं नाही.

पण थट्टा बाजूला ठेवून सांगते, मला ह्या लोकांचं खरं मोठेपण यंत्रात दिसलं नाही. ते दिसलं एका फळ्यावर. दुकानाच्या आतल्या बाजूला फळा आहे. त्या दिवशीचं दळण, वजन, सेकंद त्यावर रोज लिहितात. पहाटे जी येते ती लिहिते आणि दुपारी जो येतो तो तेच वाचून काम पुढे नेतो. लेकीला हे सगळं मणिपूरच्या एका मुलानं शिकवलं. वयानं तिच्याहून लहान. त्यानं काही हातचं राखून ठेवलं नाही. चुकलं तर कप ओतून दे, पण का चुकलं ते सांग, एवढंच.

आपल्या स्वयंपाकघरात असं होतं का? आपण 'अंदाज' नावाचा एक पडदा लावून ठेवतो. "किती मीठ?" "अंदाजानं." "किती वेळ?" "वास आला की." लग्नानंतर पहिली तीन वर्षं मी सासूबाईंच्या कटाच्या आमटीचा अंदाज शोधत होते. त्यांनी लपवला असं मी म्हणणार नाही, पण सांगितलाही नाही. त्यांनाही कुणी सांगितला नव्हता. अंदाज हे फार मोठं ज्ञान आहे, पण बोलून न दाखवलेल्या ज्ञानाला घरात 'सवय' म्हणतात आणि सवयीला कुणी मान देत नाही. कॉफीवाल्या पोरांनी तेच हाताचं, नाकाचं, जिभेचं ज्ञान ग्रॅम आणि सेकंदांत मांडलं, एकमेकांना उघडपणे शिकवलं, आणि जगाला ते 'कौशल्य' म्हणून मान्य करावं लागलं. ह्याबद्दल मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते.

आता कान धरायची गोष्ट.

पहिली तक्रार भाषेची. चवीची नावं सांगणारं एक रंगीत चक्र त्यांच्या भिंतीवर असतं. अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफीच्या संघटनेनं ते १९९५ मध्ये काढलं आणि २०१६ मध्ये नव्यानं केलं. त्यात ब्लूबेरी आहे, रासबेरी आहे. ज्यांनी ते केलं त्यांच्या परसात ती फळं असतात, त्यांचं काही चुकलं नाही. पण चिक्कमगळूरच्या मळ्यातली कॉफी, भाजली बेंगळुरूत, पिणारी मी बेळगावची, आणि पुडक्यावर लिहिलंय 'ब्लूबेरी आणि पीच'. मी ब्लूबेरी जन्मात दोनदा खाल्ली असेल. लेकीनं दोन कप पुढे ठेवले आणि विचारलं, फरक सांग. मी म्हटलं, "हा जरा करपलाय. आणि ह्याला शेवटी पिकल्या जांभळासारखं काहीतरी येतंय, जिभेला तुरट ओढतंय." शेजारचा तो मणिपुरी मुलगा पुडकं फिरवून बघायला लागला. करपल्याचं खरं होतं, ते बी जास्त भाजलेलं होतं. आणि माझ्या जांभळाला त्यांनी ब्लूबेरी म्हटलं होतं.

ह्यात माझी फुशारकी काही नाही. आमच्या घरी मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागतो, तेव्हा शिजवताना काहीही चाखायचं नसतं. मीठ कमी की जास्त हे वाफेवरून, रंगावरून ओळखायचं. तुम्हीही ते करताच. अशी तयार नाकं आपल्या घराघरांत आहेत. पण भिंतीवरच्या चक्रात जांभूळ नाही, करवंद नाही, कोकम नाही, ओल्या मातीवरच्या पहिल्या पावसाचा वास नाही. ज्या मळ्यात ही कॉफी वाढते तिथे सावलीच्या झाडांवर मिऱ्याचे वेल चढलेले असतात, फणस असतो, कोडगूकडे संत्री असतात. चवीचे शब्द तिथूनच घ्यावेत. दुसऱ्याच्या परसातल्या फळाचं नाव दिलं की आपल्यासारखीला वाटतं, हे आपलं काम नव्हे, आपल्याला ह्यातलं काही कळत नाही. निम्म्या बायका तिथेच दारातून मागे फिरतात.

दुसरी तक्रार मोठी आहे. कॉफीला शंभरपैकी गुण देतात, आणि ऐंशी किंवा वर मिळाले तर ती स्पेशालिटी. बराच काळ जो तक्ता चालत आला त्यात वासाला, आंबटपणाला, गोडव्याला, घोट गिळल्यावर मागे राहणाऱ्या चवीला गुण आहेत. कप स्वच्छ लागतो का, पाचही कप सारखे लागतात का, ह्यालाही आहेत. ज्या हातांनी फळ तोडलं त्यांना काय मिळालं, ह्याला शंभरात एकही गुण नव्हता. जिभेला ते कळतच नाही.

फळ कसं तोडतात ते माझ्या लेकीनं मळ्यावर जाऊन पाहिलं आहे. आपल्याकडे अरेबिका थंडीत पिकते. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं एकाच वेळी असतात, सगळी बरोबर पिकत नाहीत. चांगल्या कॉफीला फक्त लाल फळ हवं. म्हणजे तोडणाऱ्या बाईनं एकेक फळ बघून तोडायचं आणि त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं. आणि बऱ्याच ठिकाणी मजुरी वजनावर असते. आता सांगा, निवडून तोडलं की टोपली उशिरा भरते. ओरबाडलं की लवकर भरते. गुण वाढतात निवडण्यानं, पैसे मिळतात ओरबाडण्यानं. शहाणे मळेवाले पिकल्या फळासाठी दर वाढवून देतात. न देणाऱ्यांची कॉफी चवीला तशीच उत्तम असू शकते, आणि कपात हा फरक दिसत नाही. फळ सोलून, वाळवून झालं की डागी, फुटकी बी वेगळी काढायला पुन्हा बायकाच बसतात, सुपात तांदूळ निवडायला बसाव्या तशा. पाच-सहा किलो फळातून जेमतेम किलोभर कच्ची बी निघते. लेकीच्या त्या १८ ग्रॅम पुडीमागे शंभर ग्रॅमहून जास्त फळ एकेक करून कुणीतरी तोडलेलं असतं.

महाग म्हणजे चांगली ही समजूत कुठवर जाते त्याचं टोकही सांगते. उदमांजराला कॉफीची फळं खायला घालून त्याच्या विष्ठेतून काढलेली बी जगात भारी किमतीला विकतात. आधी रानातली गोळा करायचे. मागणी वाढली तशी इंडोनेशियात ही मुकी जनावरं पिंजऱ्यात कोंडून त्यांना फळंच फळं खायला घालायला लागले. ह्यावर आपल्या समाजातल्या बायकांना मी वेगळं काही सांगायला नको. स्पेशालिटी कॉफीतले बरेच जाणकारही ह्या कॉफीला नाकं मुरडतात, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. पण कित्येकदा त्यांचं कारण 'चवीला खास नाही' हे असतं. चवीला खास असती तर? पिंजऱ्याचा प्रश्न चवीवर सोडता येत नाही, आणि मजुरीचाही नाही.

लेकीशी मी ह्यावर भांडलेसुद्धा. ती म्हणाली, "आई, निदान आम्ही पुडक्यावर मळ्याचं नाव तरी लिहितो. पूर्वी तेही नव्हतं." हे तिचं खरं आहे. आपल्या देशात दुसऱ्या महायुद्धापासून मळेवाल्यांना आपली कॉफी कॉफी बोर्डाला द्यावी लागे. सगळ्यांचा माल एका ढिगात जाई आणि तिथून विकला जाई. उत्तम पिकवणारा आणि कसंबसं पिकवणारा, दोघंही त्या ढिगात निनावी. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्यानं सैल झालं आणि १९९६ मध्ये सुटलं. मगच मळ्याचं नाव पुडक्यावर येऊ शकलं. ढिगातून नाव बाहेर काढणं ही ह्या चळवळीची खरी कमाई, हे मी मान्य करते. माझं म्हणणं एवढंच, की नाव अर्ध्या वाटेत थांबलं. मळ्याचं आलं, भाजणाऱ्याचं आलं, यंत्राचं तर अक्षरच मोठं. तोडणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायका अजून त्या ढिगातच आहेत.

आणि यंत्रांचं खूळ आता घरात शिरतंय. लेकीच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं घरी मोटारसायकलच्या किमतीचं यंत्र घेतलंय. सुट्टीच्या दिवशी तो तासभर कॉफी करतो आणि फोटो काढतो. करू दे बापडा. पण त्याच घरात दिवसाला चार वेळा चहा करणाऱ्या बाईचा फोटो कुणी काढला असेल का, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. पुरुष हौसेनं करतो तेव्हा ती कला, बाई रोज करते तेव्हा ते काम, आणि माझ्या लेकीसारखी कुणी पगारावर करते तेव्हा बायोडाटात लपवायची गोष्ट. एकच कॉफी, तिचे हे तीन भाव.

पर्युषणाच्या आधी लेक चार दिवस घरी आली होती. तिनं मेलिटाबाईंच्या वंशातलं ते कागदाचं गाळणं आणलं होतं. सूर्य मावळायच्या आत म्हणून पाचलाच तिनं आधण ठेवलं. सासूबाईंना कपात दिली. त्यांनी नेहमीसारखी बशीत ओतली आणि 'फुर्रर्र' आवाज करत ओढली. मी लाजले, लेक मात्र टाळ्या पिटायला लागली. चव घेणारे लोक असंच करतात म्हणे, चमच्यातली कॉफी जोरात फुरकतात, म्हणजे ती जिभेवर सगळीकडे पसरते आणि वास नाकापर्यंत जातो. आयुष्यभर आपण ज्याला गावठी म्हटलं, त्याची तिथे शिकवणी असते! सासूबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "जायफळ नाही घातलंस." मग थोड्या वेळानं, "पण पोटाला हलकी वाटती. कुणाच्या मळ्यातली?"

इतक्या दिवसांत मला विचारायला सुचला नव्हता तो प्रश्न त्यांनी पहिल्याच कपाला विचारला. लेकीनं मळ्याचं नाव सांगितलं. "आणि तोडतंय कोण?" ह्यावर ती गप्प झाली. म्हणाली, "विचारून सांगते आजी."

मैत्रिणींनो, तुमचीही मुलं-नातवंडं तुम्हाला कधी अशा दुकानात नेतील. किंमत बघून घाबरू नका आणि यंत्र बघून दबू नका. घोट घ्या, जांभूळ लागलं तर जांभूळ म्हणा. आणि करून देणाऱ्या पोरीला सासूबाईंचे दोन प्रश्न विचारा. कुणाच्या मळ्यातली? आणि तोडतं कोण? तिला माहीत नसेल तर ती मालकाला विचारेल. दहाजणींनी विचारलं तर मालकाला शोधावं लागेल.

ह्या वर्षीचा मेळाव्याचा फॉर्म परवा आला. ह्यांनी गेल्या वर्षीचीच प्रत समोर ठेवली होती, उतरवून काढायला. मी पेन मागून घेतलं आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'बरिस्ता. कॉफी करते.' ह्यांनी वाचलं. म्हणाले, "कुणी विचारलं तर?"

म्हटलं, "घरी बोलवा. करून दाखवेल."